रावपुऱ्यातलं जर्सीचं दुकान आणि कॉलरच्या आतले सोळा सामने

आमच्या १७ वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या सोळा जर्स्या या वेळी बडोद्याच्या रावपुऱ्यातून करून घेतल्या. टॉवरकडून दांडिया बाजाराकडे निघालात की एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. पाटी लहान आहे, चुकायला होतं. जिना अरुंद. वर दोनच खोल्या, एकीत शिलाई मशीनं, दुसरीत प्रिंटर, हीट प्रेस आणि कॉम्प्युटर. काका कापड आणि प्रेस बघतात, काकू शिलाई आणि प्रूफ. दोघंही बडोद्यातच वाढलेले वाटतात, पण काकूंचं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या ऑर्डरमध्ये त्याचा फार उपयोग झाला.

आधी कापड. काकांनी तीन नमुने समोर टाकले आणि कुठला मळतो, कुठला चिकटतो, कुठल्याचा धागा ओढला जातो, ते न विचारता सांगितलं. आम्ही जाळीदार डॉटनिट घेतलं. बडोद्याचा उन्हाळा आणि पोलो ग्राउंडची धूळ यांत जाड इंटरलॉक अंगावर ओलं होऊन बसतं, मुली हाफटाइमला जर्सी अंगापासून धरून उभ्या राहतात. या कापडात तसं झालं नाही. घाम येतो, पण सुकतोही. छपाई सब्लिमेशनची. म्हणजे डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून हीट प्रेसखाली दाबतात, आणि उष्णतेने शाईची वाफ होऊन रंग थेट धाग्यात शिरतो. वर थर बसत नाही, त्यामुळे सोलून निघायला काही उरतच नाही. आमची निळी जर्सी बऱ्याच धुण्यांनंतरही तशीच निळी आहे.

मुलींच्या मापाबद्दल काकूंचे आभार मानायला हवेत. बहुतेक दुकानांत मुलींना मुलग्यांचीच जर्सी एक साइज कमी करून देतात. खांदे उतरतात, बाही कोपराखाली येते, गळा वाकताना पुढे लोंबतो, आणि मग मुली खेळताना सारखा हात गळ्याशी नेतात. काकूंनी प्रत्येकीचा खांदा आणि छाती वेगळी मोजली, गळा वर घेतला, चड्डीला आतून लायक्राचं अस्तर दिलं. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. सेट ४५० रुपयांना पडला. यापेक्षा स्वस्तात करणारे बडोद्यात आहेत, पण माप घेणारे मला तरी दुसरे भेटले नाहीत.

आता कॉलर. मानेच्या आतल्या पट्टीवर हे लोक एक-दोन ओळी फुकट छापून देतात. मंडळवाले तिथे मंडळाचं नाव घालतात, क्रिकेटवाले सोसायटीचं. मी काकांना म्हटलं, प्रत्येक जर्सीत वेगळी ओळ हवी. भारताच्या कुमार संघांचा एकेक आंतरराष्ट्रीय सामना: साल, गाव, प्रतिस्पर्धी, स्कोअर. जिच्या मानेवर जो सामना, तिने तो नीट वाचून, शोधून बाकीच्यांना सांगायचा. काकांनी यादी हातात घेतली, वरून खाली वाचली आणि म्हणाले, “ताई, यात तर अर्ध्याहून जास्त हरलेलेच आहेत. पोरींच्या अंगावर हरलेलं कोण छापतं?”

मी छापते. आणि का, ते इथे लिहिते, कारण पालकांपैकीही काहींनी हेच विचारलं.

फक्त विजय निवडले तर भारताच्या कुमार फुटबॉलचा इतिहास फार सुंदर दिसतो आणि त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. १९७४ चं बँकॉक घ्या. आशियाई युवा स्पर्धा, अंतिम सामना इराणशी, २-२, दोघांना संयुक्त विजेतेपद. कर्णधार शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. आशियात पहिला नंबर! ती ओळ आमच्या कर्णधाराच्या कॉलरमध्ये आहे. तिने शोधून काढलेली गोष्ट मलाही महत्त्वाची वाटते: त्या मुलांना पुढे जायला जागाच नव्हती. फिफाची जागतिक युवा स्पर्धा सुरू झाली १९७७ मध्ये, ट्युनिशियात. म्हणजे भारताची एक पिढी आशियात सर्वांत वर होती तेव्हा वरची पायरी बांधलेली नव्हती, आणि पायरी बांधली गेली तेव्हा आपण तिथे नव्हतो. हे फक्त “१९७४ चे विजेते” एवढ्या तीन शब्दांतून कसं कळणार?

मग २०१७. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला. प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस, कर्णधार अमरजित सिंग, गोलमध्ये धीरज सिंग. तिन्ही सामने दिल्लीत. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ला कोलंबियाकडून १-२, १२ ला घानाकडून ०-४. तिन्ही ओळी आम्ही घेतल्या. त्यातली मधली घेण्यासाठी मुलींमध्ये चढाओढ झाली, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर आणि मणिपूरच्या जेक्सन सिंगचं डोकं: फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. स्टेडियम उभं होतं. आणि लगेच पुढच्या मिनिटाला पेनालोसाने कोलंबियाचा दुसरा गोल केला.

या एका मिनिटावर मी सरावात किती बोलले असेन! गोल केल्यावरचं पहिलं मिनिट सगळ्यांत धोक्याचं असतं. शरीर पुढे धावलेलं असतं, मन त्याहून पुढे. बचावाची लाइन परत जुळायच्या आत चेंडू मधून निघून जातो. ज्या मुलीला ती ओळ मिळाली ती आमची सेंटर-बॅक, म्हणजे बचावात मधोमध खेळणारी, आहे. आता आमचा गोल झाला की ती सगळ्यांत आधी मागे बघते आणि हाताने लाइन ओढते. कॉलरच्या एका ओळीतून एवढं आलं, तर मला आणखी काय हवं?

काकूंचं कोल्हापूर उपयोगी पडलं ते इथे. यादीत २०१८ चा अर्जेंटिनाचा सामना होता. स्पेनमधली कोटिफ स्पर्धा, २० वर्षांखालचे संघ, भारत २, अर्जेंटिना १. गोल दीपक टांगरी आणि अन्वर अलीचे, प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. समोरच्या बाकावर लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे २०२२ मध्ये अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. काकू मशीन थांबवून म्हणाल्या, “त्यात आमचा अनिकेत होता. रेड कार्ड मिळालं होतं त्याला.” अगदी बरोबर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बाहेर गेला आणि उरलेल्या दहा जणांनी तो सामना जिंकला. पेठेतल्या तालमींचं फुटबॉल बघत वाढलेल्या बाईला हे पाठ होतं. काकूंनी त्याच दिवशी सगळी यादी प्रिंटरवरून स्वतःकडे घेतली, आणि प्रूफ त्यांनीच तपासलं.

त्याची गरजही होती. डिझाइन करणारा मुलगा गुजराती, हुशार आणि पटपट काम करणारा, पण कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी फॉन्ट टाकला की जोडाक्षरं फुटतात. पहिल्या प्रूफमध्ये ‘अर्जेंटिना’चा रफार भलत्याच अक्षरावर चढला होता आणि ‘मोरोक्को’चा ‘क्को’ सुटा झाला होता. काकूंनी लाल पेनाने खुणा केल्या, सगळं नव्याने टाइप करून घेतलं, अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर केल्यावरच पुढे पाठवलं. व्हॉट्सॲपवर दुसरं प्रूफ आलं त्यात एकही चूक नव्हती. मराठीत काही छापून घ्यायचं असेल तर प्रूफ काकूंकडूनच मागा, एवढं नक्की लक्षात ठेवा.

एका मुलीच्या बाबांनी सुचवलं की मे २०१७ चा इटलीवरचा २-० विजय घाला, तो का वगळला? तो सामना झाला, भारताची मुलं जिंकली, बातम्याही मोठ्या आल्या. पण इटलीच्या महासंघाने तो आपला राष्ट्रीय संघ नव्हता असं स्पष्ट केलं. मुलांनी मैदानात जे केलं त्याचा मान आहेच, पण आमच्या कॉलरमध्ये ‘इटली’ असं छापलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. बाबांना ते पटलं. त्यांनी त्याऐवजी मलेशिया घेतलं, आणि माझ्या मते सोळांतली सर्वांत चांगली ओळ त्यांच्या मुलीकडे गेली.

मलेशिया म्हणजे २०१८ ची १६ वर्षांखालच्या मुलांची आशियाई स्पर्धा. प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामवर १-० विजय, इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०, मग उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. पूर्ण स्पर्धेत या मुलांनी एकच गोल खाल्ला, आणि त्या एका गोलाने विश्वचषक गेला. जिंकले असते तर २०१९ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात यजमान म्हणून नव्हे, खेळून पोचले असते. गोलकीपर नीरज कुमारने कोरियासमोर जे अडवलं ते आमच्या गोलकीपरला मी फोनवर दाखवलं. २०१७ च्या विश्वचषकाबद्दल सगळे बोलतात, २०१८ च्या मलेशियाबद्दल कोणी बोलत नाही. मला दुसरा संघ जास्त मोठा वाटतो. यजमानाला मिळालेली खुर्ची आणि पात्रता फेरीत घाम गाळून मिळवलेली खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मुलींनी हा फरक आत्ताच शिकावा असं मला फार वाटतं.

म्हणूनच ०-८.

११ ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम, १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक, भारत ०, अमेरिका ८. पुढे मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५. तिथेही प्रवेश यजमान म्हणून. ही ओळ छापायला काकांनी खरोखर नकार दिला होता. “बेन, पैसे नका देऊ, पण हे नको,” असं गुजराती-मराठीत म्हणाले. आमच्या गोलकीपरनेच ती मागून घेतली आणि काकांना सांगितलं की गोलमध्ये उभी राहणारी मीच आहे, तर ती माझ्याकडेच हवी.

त्या मुलींबद्दल मला बोलायचंच आहे. ही स्पर्धा आधी २०२० मध्ये होणार होती. कोविडमुळे ती २०२१ वर गेली, मग रद्दच झाली, आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. आता १७ वर्षांखालच्या स्पर्धेत दोन वर्षं म्हणजे काय, हे प्रशिक्षकाला विचारा. २०२० साठी तयार केलेल्या मुली वयात बसेनाशा झाल्या. त्यांचा विश्वचषक त्यांच्या हातून गेला, आणि नव्या मुलींना घेऊन पुन्हा सुरुवात झाली. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी, कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उराँव. त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं. स्पर्धेला दोन महिनेही उरले नव्हते. बंदी त्याच महिन्यात उठली, पण या वयाच्या मुलींनी ते दिवस कसे काढले असतील? अशा वेळी अमेरिकेसमोर उभ्या राहिलेल्या अकरा जणींचा निकाल मी लपवणार नाही. ज्या देशात मुली लहानपणापासून दर आठवड्याला स्पर्धात्मक सामने खेळतात आणि ज्या देशात जिल्ह्याला मुलींची लीगच नसते, त्या दोघांमधलं अंतर तो आकडा सांगतो. मुलींनी नेमकं कुठे कमी पडलो ते मोजावं, म्हणून तो हवा.

बाकीच्या ओळींबद्दल थोडक्यात. २०२२, भुवनेश्वर, २० वर्षांखालच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, बांगलादेशवर ५-२, त्यात गुरकिरत सिंगचे चार. २०२३, थायलंड, १७ वर्षांखालची आशियाई स्पर्धा, जपानकडून ४-८. डिझाइनवाल्या मुलाने हा आकडा हॉकीचा समजून दोनदा विचारला. जपानला चार गोल करणारी मुलं आणि आठ देणारीही तीच. २०२४, ढाका, १९ वर्षांखालच्या मुलींची सॅफ अंतिम लढत: बांगलादेशशी १-१, पेनल्टीत ११-११, मग नाणेफेक, त्यावर वाद, आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेतेपद. पट्टीवर एवढं मावलं नाही, म्हणून काकूंनी फक्त “१-१, ११-११” ठेवलं. ती मुलगी समोर कोणीही आला तरी गळा उलटा करून ते दाखवते.

आणि २०२५, ज्यासाठी यादीत शेवटच्या तीन जागा मी मुद्दाम राखल्या होत्या. ऑगस्टमध्ये २० वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला म्यानमारला १-० हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला, २००६ नंतर पहिल्यांदा. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानवर २-१ मात करून तेच केलं. आणि ३० नोव्हेंबरला अहमदाबादला १७ वर्षांखालच्या मुलांनी इराणला २-१ हरवलं. लेबननकडून ०-२ हरलेला संघ, शेवटचा सामना जिंकलाच पाहिजे अशी स्थिती, त्यात इराणचा पहिला गोल. तिथून उलटवून ते आशियाई स्पर्धेत गेले. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो फर्नांडिस. अहमदाबाद बडोद्यापासून दोन तासांवर, आमच्या काही मुली घरच्यांबरोबर तिथे होत्या. त्यांतल्या एकीलाच ती ओळ द्यायची हे आधीच ठरलं होतं. या तिन्ही जागा कुणी दिलेल्या नाहीत, खेळून घेतलेल्या आहेत.

आता दुकानाच्या उणिवा, कारण हा शेवटी दुकानाचा रिव्ह्यू आहे. पाठीवरचे नंबर सब्लिमेशनने न छापता विनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, कापून हीट प्रेसने चिकटवले आहेत. दुकानाची पद्धतच तशी, म्हणजे जादा जर्सीला ऐन वेळी कुठलाही नंबर लावता येतो. पण दोन-तीन जर्स्यांवर ‘८’ आणि ‘६’ च्या आतल्या कडा उचलल्या गेल्या. काकांनी त्या बिनतक्रार पुन्हा दाबून दिल्या, तरी मूळ पद्धत बदलायला हवी. तुम्ही ऑर्डर देताना नंबरही सब्लिमेशननेच हवेत असं लिहून द्या. मोज्यांचा दर्जा सामान्य आहे, ते दुसरीकडून घ्या. गोलकीपरच्या पूर्ण बाहीच्या जर्सीला कोपराशी गादी लावून मिळत नाही. दुकान पहिल्या मजल्यावर असल्यामुळे आणि खाली गाडी लावायला जागा नसल्यामुळे न्यायमंदिराकडे गाडी ठेवून चालत येणं सोपं. रविवारी दुपारी बंद.

कॉलरच्या ओळींना अजून काहीही झालेलं नाही. मानेचा घाम, धूळ, साबण, सगळं सोसून अक्षरं पहिल्या दिवसाइतकी काळी आहेत. इस्त्री मात्र उलट्या बाजूनेच आणि कोमट करा, पॉलिस्टर पटकन चकाकतं.

ऑर्डर द्यायची असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच द्या. गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट आणि त्यानंतर गरब्याच्या ग्रुपांचे, असं नवरात्र संपेपर्यंत इथे पाय ठेवायला जागा नसते आणि काकू त्या दिवसांत मापं घेत नाहीत. निम्मे पैसे आगाऊ घेतात, उरलेले माल बघून. आमच्या १४ वर्षांखालच्या मुलींच्या जर्स्या जूनमध्ये टाकणार आहे. त्यांना कॉलरसाठी कुठले सामने हवेत, याची यादी या वेळी त्यांनीच करायला घेतली आहे.